जुन्या पियानोचं वय कसं शोधायचं: नाशिककरांसाठी पायरीपायरीने

जुना पियानो हाती आला की घरात आधी फडकं आणि पॉलिशची बाटली शोधली जाते. कृपा करून तेवढं थांबवा. पियानोचं वय सांगणाऱ्या खुणा धुळीखालच्या पेन्सिलीच्या अक्षरांत, अर्ध्या निघालेल्या कागदी लेबलांत आणि लाकडावर ठोकलेल्या पुसट आकड्यांत असतात. सुताराचा पॉलिश पेपर त्यावरून एकदा फिरला की त्या कायमच्या गेल्या. पॉलिश काय, सहा महिन्यांनीही करता येतं.

आपल्या भागात असे पियानो अजून निघतात. देवळाली कॅम्पातले जुने बंगले आणि पारशी सॅनेटोरियम, इगतपुरीची रेल्वे वसाहत, शरणपूरचा मिशनचा परिसर, नाशिकरोडची प्रेसच्या अधिकाऱ्यांची घरं, शाळा, चर्च, क्लब अशा ठिकाणी ते मुळात आले. मग लिलावात, वारशात, कधी भंगाराच्या भावात फिरत फिरत गावातल्या घरांमध्ये पोचले. हा लेख अशाच घरांसाठी आहे. तुम्ही आजवर पियानोचं वरचं झाकणही उघडलेलं नसेल असं धरून लिहितोय.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून घ्या. एका पियानोला निदान तीन तारखा असतात: कारखान्यात बनला ती, मुंबईच्या दुकानातून विकला गेला ती आणि नाशिकला आला ती. शिवाय मधल्या दुरुस्त्या. वहीत या तारखांसाठी वेगवेगळी पानं करा. बहुतेक घरांतला गोंधळ या तारखा एकमेकींत मिसळल्यानेच झालेला असतो.

हात लावण्याआधी

पावसाळ्यात पियानो उघडायला घेऊ नका. जुलै-ऑगस्टात लाकूड फुगलेलं असतं, फळ्या आणि बोटांनी दाबायच्या पट्ट्या अडकतात आणि ओढाताणीत काहीतरी मोडतं. इगतपुरीकडच्या घरात तर हे जास्तच. दसरा-दिवाळीनंतरचे कोरडे दिवस सगळ्यात चांगले.

लागणारं सामान घरचंच: टॉर्च, मोबाइलचा कॅमेरा, रंगकामाचा मऊ कोरडा ब्रश, वही, पेन्सिल, पातळ पांढरा कागद, दोन-तीन लिफाफे. आत सुटून पडलेलं लेबल, तुटलेला नमद्याचा तुकडा, जुना खिळा, काहीही फेकू नका. लिफाफ्यात घाला आणि वर कुठे मिळालं ते लिहा.

आता धोक्याचं. उभा पियानो दोनशे ते तीनशे किलोचा असतो आणि त्याचं बहुतेक वजन पाठीमागच्या बाजूला असतं, त्यामुळे भिंतीपासून ओढताना तो मागे कलंडू शकतो. चार धडधाकट माणसं नसतील तर हलवू नका. मागची बाजू बघायला मोबाइल फटीत घालून फोटो काढा. तारांच्या खुंट्यांना पाना लावू नका. सगळ्या तारांचा मिळून ताण कित्येक टनांचा असतो आणि गंजलेली तार सुटली तर डोळा जाऊ शकतो. पट्ट्यांच्या लाकडात बसवलेल्या शिशाच्या गोळ्यांवर पांढरी भुकटी दिसली तर ती फुंकर मारून उडवू नका. ते शिसं आहे, नाकातोंडात जायला नको. मुलांना त्या वेळी लांब ठेवा.

मग काहीही न हलवता फोटो काढा: समोरून, दोन्ही बाजूंनी, पेडल, चाकं, वरचं झाकण उघडून आत. पुढे कोणाला विचारायचं झालं तर हेच फोटो कामी येतात.

नाव आणि त्याभोवतीचा मजकूर

पट्ट्यांवरचं झाकण उघडलं की समोर सोनेरी अक्षरात नाव असतं. लोक नाव वाचतात आणि तिथेच थांबतात. खरं काम नावाच्या आजूबाजूच्या बारीक मजकुरात आहे.

सगळ्यात मोठी फसगत स्थापनेच्या वर्षामुळे होते. 'एस्टॅब्लिश्ड' म्हणून जे साल लिहिलेलं असतं ते कंपनीचं, तुमच्या पियानोचं नव्हे. बेखस्टाइन, ब्लूथनर आणि स्टाइनवे या तिन्ही कंपन्या १८५३ मध्ये सुरू झाल्या; त्यांच्या १९३० सालच्या पियानोवरही १८५३ दिसू शकतं. ब्रॉडवुड तर १७२८ सांगते, कारण तिची मुळं हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) बनवणाऱ्या एका कारागिराच्या कारखान्यात आहेत. हा आकडा वाचून कोणी तीनशे वर्षांचा पियानो म्हणून किंमत सांगत असेल तर हात जोडून बाहेर पडा.

उपयोगाची असतात ती प्रदर्शनांची पदकं. लंडन १८५१, लंडन १८६२, पॅरिस १८६७, व्हिएन्ना १८७३, पॅरिस १८७८, लंडन १८८५ अशी पदकांची रांग कंपन्या मिरवायच्या. यातलं सगळ्यात अलीकडचं साल बघा. पियानो त्याच्या आधीचा असू शकत नाही. नंतर कितीही वर्षांनी बनलेला असू शकतो, कारण पदक पन्नास वर्षंही मिरवलं जायचं.

राजघराण्याचा उल्लेख दुसऱ्या टोकाची मर्यादा देतो. 'हर मॅजेस्टी' म्हणजे राणी, तेव्हा साधारणपणे १८३७ ते १९०१, व्हिक्टोरियाचा काळ. 'हिज मॅजेस्टी' असेल तर १९०१ ते १९५२. पुन्हा 'हर' आलं तर १९५२ नंतर, पण त्या काळचा पियानो घडणीवरूनच वेगळा कळतो. जर्मन सम्राटाचा उल्लेख असेल तर पियानो १९१८ च्या आधीचा मानायला हरकत नाही. 'मेड इन जर्मनी' असा इंग्रजी शिक्का ब्रिटनच्या १८८७ च्या कायद्यामुळे रूढ झाला, म्हणून तो दिसला की सहसा त्यानंतरचा माल.

लंडनचा पत्ता तर फार बोलका. शहराचे टपाल विभाग १८५७-५८ मध्ये आखले गेले आणि त्यांना आकडे १९१७ मध्ये मिळाले. नुसतं 'लंडन, डब्ल्यू.' असेल तर १९१७ च्या आधीचं, 'डब्ल्यू. १' असेल तर नंतरचं. एवढ्या एका आकड्याने वीस-तीस वर्षांचा वाद मिटू शकतो, म्हणून भिंग घेऊन पत्ता शेवटच्या टिंबापर्यंत वाचा.

आणखी एक. झाकणावरचं नाव बनवणाऱ्याचं असेलच असं नाही. मोठी दुकानं कारखान्यांकडून पियानो घेऊन स्वतःचं नाव घालून विकायची. शिवाय प्रसिद्ध नावाच्या जवळ जाणारं जर्मन वळणाचं नाव मुद्दाम ठेवायचीही पद्धत होती. म्हणून झाकणावरचं नाव आणि आतल्या बिडाच्या चौकटीवर ओतलेलं नाव जुळतं का, हे बघितल्याशिवाय वहीत 'कंपनी' या रकान्यात काही लिहू नका.

क्रमांक शोधा

बहुतेक कारखाने प्रत्येक पियानोला क्रमांक देत. उभ्या पियानोत वरचं झाकण उघडून टॉर्च मारा: बिडाच्या चौकटीवर, खुंट्यांच्या शेजारच्या लाकडावर, डाव्या बाजूच्या फळीच्या वरच्या कडेवर. नसेल तर पाठीमागच्या लाकडावर, ठोकलेला किंवा रंगवलेला. ग्रँड, म्हणजे आडव्या तारांच्या पियानोत खुंट्यांजवळ चौकटीवर, किंवा तारांमधून खाली दिसणाऱ्या साउंडबोर्डावर, म्हणजे आवाज घुमवणाऱ्या पातळ लाकडी फळीवर.

लाकडात ठोकलेला आकडा समोरून उजेड टाकला तर दिसत नाही. टॉर्च लाकडाला टेकवून आडवा उजेड टाका, खळग्यांत सावली पडते आणि आकडे उठतात. तरीही नीट लागले नाहीत तर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल आडवी घासा. ३ की ८, १ की ७ हे अशा ठशात बहुतेक वेळा सुटतं.

आत आकडे मात्र अनेक असतात. बिडाच्या साच्याचा नंबर, पेटंटचा नंबर, हातोड्यांचं यंत्र बनवणाऱ्या वेगळ्या कारखान्याचा नंबर. पियानोचा स्वतःचा क्रमांक कोणता हे ओळखायची एक खात्रीची रीत आहे: तो पुन्हा पुन्हा येतो. कारखान्यात एकाच वेळी बरेच पियानो जुळत असत, म्हणून एकाचे भाग दुसऱ्याला लागू नयेत यासाठी झाकणाच्या मागे, पुढच्या फळीच्या आतून, पट्ट्यांच्या चौकटीवर तोच आकडा किंवा त्याचे शेवटचे दोन-तीन अंक ठोकत. दोन-तीन ठिकाणी जुळलेला आकडा खरा. आणि एखाद्या फळीवर भलताच आकडा असेल तर ती फळी दुसऱ्या पियानोची आहे. तेही लिहून ठेवा.

क्रमांकावरून साल काढायला कंपन्यांच्या याद्या असतात. चालू असलेल्या कंपन्या स्वतःच्या संकेतस्थळांवर त्या देतात आणि बंद पडलेल्यांसाठी 'पिअर्स पियानो अ‍ॅटलस' हा संदर्भग्रंथ जगभरचे ट्यूनर, म्हणजे पियानोचे सूर लावणारे कारागीर, वापरतात. यादी कशी वाचायची याचं उदाहरण: स्टाइनवेचा १,००,००० क्रमांकाचा पियानो १९०३ चा आणि ३,००,००० क्रमांकाचा १९३८ चा, दोन्ही अमेरिकेच्या व्हाइट हाउसला दिलेले. तुमचा आकडा मध्ये पडत असेल तर साल मधलं. याद्यांतली सालं वर्ष-दोन वर्ष इकडेतिकडे होतात, आणि लहान इंग्रजी कारखान्यांच्या याद्या शिल्लकच नाहीत. आपल्याकडे निघणारे पियानो नेमके अशाच कारखान्यांचे बरेच असतात, म्हणून पुढची पायरी टाळता येत नाही.

ब्रॉडवुडवाल्यांचं नशीब मात्र चांगलं. त्या कंपनीची जुनी दप्तरं इंग्लंडमध्ये वोकिंगच्या सरे हिस्टरी सेंटरमध्ये जपलेली आहेत, आणि त्यांत कोणता पियानो कोणाच्या पत्त्यावर पोचवला याच्याही वह्या आहेत. क्रमांक आणि फोटो जोडून सभ्य भाषेत ईमेल करा.

आतली घडण

क्रमांक असो नसो, घडण बघाच.

पट्ट्या मोजा. पन्नास पांढऱ्या आणि पस्तीस काळ्या म्हणजे ८५. बावन्न आणि छत्तीस म्हणजे ८८. सव्वासात-साडेसात सप्तकांच्या घरातला ८८ पट्ट्यांचा पियानो १८८० च्या दशकापासून रूढ होत गेला. ८५ दिसल्या म्हणून मात्र एकोणिसावं शतक असं लगेच ठरवू नका, कारण स्वस्त इंग्रजी पियानो पुढेही बरीच वर्षं ८५ पट्ट्यांचेच निघत होते. त्याहून कमी, ऐंशीच्या आत पट्ट्या असतील, तर मात्र वस्तू जुनी आहे. कोणालाही हात लावू देऊ नका.

मग तारा बघा. सगळ्या तारा उभ्या, एकमेकींना समांतर आहेत, की खर्जाच्या जाड तारा बाकीच्यांवरून तिरक्या जातात? तिरक्या तारांच्या रचनेचं ग्रँडसाठीचं पेटंट स्टाइनवेने १८५९ मध्ये घेतलं. जर्मन उभ्या पियानोंत ती लवकर आली, इंग्रजी कारखाने मात्र सरळ तारांना चिकटून राहिले, काही तर १९२० च्या आसपासपर्यंत. तारा ज्या चौकटीवर ताणल्यात ती बघा. पूर्ण बिडाची, खुंट्यांचा भागही झाकणारी चौकट असेल तर पियानो तुलनेने अलीकडचा. वरचा लाकडी भाग उघडा दिसत असेल आणि बीड फक्त खाली असेल तर जुन्या घडणीचा.

आता वरची पुढची फळी काढा. आतून दोन्ही बाजूंना लाकडी किंवा पितळी खिट्ट्या असतात, त्या फिरवल्या की फळी पुढे कलते. दोघांनी धरून उतरवा. समोर लगेच हातोड्यांची रांग दिसली तर डॅम्पर, म्हणजे सूर थांबवणारे नमद्याचे तुकडे, हातोड्यांच्या खाली आहेत. ही नंतरची, चांगली रचना. पण समोर बारीक उभ्या तारांचा पिंजराच दिसला आणि हातोड्या त्याच्या मागे असल्या, तर डॅम्पर वर आहेत. ही जुनी इंग्रजी रचना, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मागे पडत गेली. पिंजरा, सरळ तारा आणि ८५ पट्ट्या एकत्र आल्या की पियानो बहुधा १८७० ते १९१५ या पट्ट्यातला इंग्रजी.

हातोड्यांच्या यंत्रावरही नाव असतं. 'हर्बर्गर ब्रूक्स' असं जोडनाव असेल तर ते १९२० च्या विलीनीकरणानंतरचं. नुसतं 'श्वांडर' असेल तर आधीचं असण्याची शक्यता मोठी. पण यंत्र नंतर बदललेलं असू शकतं, म्हणून एवढ्यावर विसंबू नका.

बाहेरच्या सजावटीत मेणबत्तीच्या पितळी दांड्या किंवा त्या काढल्यावर राहिलेली भोकं दिसली तर पहिल्या महायुद्धाच्या आधीचा काळ. कोरीव जाळी आणि तिच्यामागे रेशमी कापड असेल तर आणखी मागे, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याकडे. बुटके, साध्या रेषांचे छोटे पियानो १९३० च्या दशकानंतरचे. सजावटीवर एवढंच पुरे, कारण फॅशन दहा-वीस वर्षं रेंगाळते.

उष्ण देशांसाठी लंडनचे कारखाने वेगळे पियानो बनवत. पातळ पत्र्यासारखा लाकडाचा थर सरसाने चिकटवण्याऐवजी भरीव लाकूड, सांध्यांना पितळी स्क्रू आणि पट्ट्या दोन्ही बाजूंनी स्क्रूने आवळलेल्या, कारण आपल्या पावसाळ्यात सरस सुटतो. हे स्क्रू दिसले तर पियानो सुरुवातीपासूनच हिंदुस्थानासारख्या देशासाठी बनलेला, कोणाच्या सामानाबरोबर योगायोगाने आलेला नव्हे. इतिहासाच्या पानावर ही नोंद मोलाची.

पांढऱ्या पट्ट्यांचं काय

टॉर्च तिरका धरून पांढरी पट्टी बघा. काळ्या पट्ट्या जिथे संपतात त्या रेषेत पांढऱ्या पट्टीवर एक बारीक आडवा सांधा दिसतो का? आणि उभ्या, किंचित नागमोडी रेषा? दोन्ही असतील तर हस्तिदंत. एकसंध, सांध्याशिवाय, सारख्या रंगाची असेल तर सेल्युलॉइड किंवा नंतरचं प्लास्टिक. तापलेली सुई लावून बघायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका; सेल्युलॉइड भसकन पेट घेतं.

हस्तिदंत असेल तर विक्रीची जाहिरात टाकण्याआधी वन विभागाकडे लेखी विचारा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांमुळे आपल्याकडे हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे, आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंतावरसुद्धा. पट्टी जुन्या पियानोवर चिकटलेली आहे म्हणून ती आपोआप सुटते असं समजू नका. आणि सुट्या पट्ट्या काढून द्या म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

पेन्सिलीची अक्षरं

माझ्या मते सगळ्या शोधातला हा सर्वांत श्रीमंत भाग, आणि पॉलिशवाल्यांनी सर्वाधिक नासलेलाही. कारागीर आणि ट्यूनर आतल्या लाकडावर सही-तारीख टाकत. जागा ठरलेल्या: डावीकडची पहिली आणि उजवीकडची शेवटची पट्टी यांच्या लाकडी कुशीवर, हातोड्यांच्या मागच्या आडव्या दांड्यावर, खालच्या फळीच्या आतून, वरच्या झाकणाच्या उलट्या बाजूला.

पट्ट्या स्वतः उपसू नका. पिंजऱ्याच्या रचनेत आणि ग्रँडमध्ये तर अजिबात नाही. यंत्र बाहेर ओढताना एखादी पट्टी दबली तर हातोड्यांचे दांडे काडकन मोडतात. मुंबई-पुण्याहून ट्यूनर येईल तेव्हा त्याला आधीच सांगा, 'दादा, पहिली आणि शेवटची पट्टी काढून दाखवाल का, फोटो घ्यायचाय.' चांगला ट्यूनर खुशीने दाखवतो, आणि बऱ्याचदा जुन्या सहीचं वळण तोच ओळखतो.

देवळालीच्या एका बंगल्यातल्या उभ्या पियानोत मी पाहिलेलं सांगतो. खालची फळी काढल्यावर आतून एकाखाली एक नोंदी होत्या. वरची ओळ तिरक्या इंग्रजी वळणात, नाव आणि महिना. तिच्याखाली वेगळ्या हाताने, जाड शिसपेन्सिलीत. मध्ये एक मोठी मोकळी जागा आणि मग निळ्या बॉलपेनात आद्याक्षरं. ती मोकळी जागाही माहितीच आहे: त्या वर्षांत पियानोला ट्यूनर लागलेला नाही. घर बंद होतं का, मालक बदलला का, हे विचारायचा धागा तिथे मिळतो. आणि बॉलपेन स्वातंत्र्याच्या आधी आपल्याकडे रोजच्या वापरात नव्हतं, एवढं तर कोणीही सांगेल.

ब्रशने धूळ हलक्या हाताने सारा, ओलं फडकं लावू नका, आणि अक्षरं पुसट असतील तर आडव्या उजेडात फोटो काढून मोबाइलवर कॉन्ट्रास्ट वाढवा.

इथली लेबलं, इथल्या तारखा

पियानो भारतात कधी काय होता हे इथल्या कागदांवरून कळतं, आणि ते वाचायला परदेशी तज्ज्ञ लागत नाही.

दुकानदाराचं लेबल किंवा पितळी पट्टी बघा. मुंबईचं फुर्टाडोज १८६५ पासूनचं. मद्रासचं म्यूझी म्यूझिकल त्याहून जुनं, १८४२ मध्ये मिस्किथ या नावाने सुरू झालेलं. लेबलवर मिस्किथ असेल की म्यूझी म्यूझिकल, यावरूनच काळ सरकतो. पत्त्यात हॉर्नबी रोड असेल तर ते आजच्या दादाभाई नौरोजी रस्त्याचं जुनं नाव. रॅम्पार्ट रो म्हणजे आताचा काळा घोड्याजवळचा के. दुभाष मार्ग. दुकान कोणत्या साली कोणत्या पत्त्यावर होतं हे थॅकरच्या जुन्या इंडियन डिरेक्टरीत बघता येतं. तिचे बरेच खंड स्कॅन होऊन इंटरनेटवर आहेत.

ट्यूनरचं कार्ड, दुरुस्तीची पावती, पार्सलची चिठ्ठी यांवर तारीख नसली तरी हरकत नाही. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. नुसतं 'बॉम्बे १' असेल तर बहुधा त्याआधीचा. मजुरी आण्यांत लिहिली असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीची, नव्या पैशांत असेल तर नंतरची. रेल्वेच्या चिठ्ठीवर 'जी. आय. पी.' (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) असेल तर १९५१ च्या आधी, कारण त्या वर्षी नोव्हेंबरात मध्य रेल्वे झाली. 'बॉम्बे स्टेट' असेल तर १ मे १९६० च्या आत. अशा दोन कागदांवरून पियानो नाशिकला कधी आला याची खिडकी पाच-दहा वर्षांवर आणता येते.

पाठीमागे रंगाने लिहिलेले आकडे, मेस, इन्स्टिट्यूट किंवा शाळेची आद्याक्षरं दिसली तर ती संस्थेच्या मालमत्तेच्या नोंदीची खूण. त्या संस्थेकडे पत्र घेऊन जा. देवळालीची बार्न्स शाळा आणि नाशिकरोडची सिक्युरिटी प्रेस, दोन्ही १९२५ च्या. त्या परिसरातून आलेल्या पियानोची तिथली कहाणी त्याआधी सुरू होऊ शकत नाही. तसंच मागे जाताना लक्षात ठेवा, कसारा घाटातला रेल्वेमार्ग १८६५ मध्ये सुरू झाला. त्याआधी पियानो नाशिकला आला म्हणजे घाट बैलगाडीने चढून आला. अशक्य नाही, पण तसं म्हणायला कागद हवा.

घरातल्या माणसांना विचारताना

'पियानो कधी आला?' असं विचारलं तर 'फार जुना आहे हो' एवढंच उत्तर मिळतं. विचारायचं ते ठळक घटनांना धरून. आजी, तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा दिवाणखान्यात होता का? एकोणसत्तरच्या पुराच्या वेळी कुठे ठेवला होता? ऐंशीच्या सिंहस्थाला पाहुणे उतरले तेव्हा त्यावर काय ठेवलेलं असायचं? माणसांना सालं आठवत नाहीत, पण पियानोवर लोणच्याची बरणी ठेवल्याबद्दल सासऱ्यांनी ओरडलेलं बरोबर आठवतं.

पुराचं उत्तर तपासताही येतं. गोदाकाठच्या, सराफ बाजाराकडच्या वाड्यात पियानो असेल तर खालची फळी काढून पेडलच्या दांड्यांजवळ बघा. पाणी शिरलं असेल तर लाकडावर आडवी डागाची रेघ, फटींत बारीक गाळ आणि फक्त खालच्याच लोखंडाला गंज दिसतो.

दंतकथांना मान द्या, पण तपासा. एखाद्या घरात सांगतील, हा जॅक्सनसाहेबाचा पियानो. कलेक्टर जॅक्सनचा वध अनंत कान्हेरेंनी २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात केला. पियानोच्या पत्त्यात 'डब्ल्यू. १' असेल, म्हणजे तो १९१७ नंतरचा असेल, तर ती गोष्ट तिथेच संपली. जुळत असेल तरीही लिलावाची पावती, पत्र किंवा जुना फोटो मिळेपर्यंत वहीत 'घरात असं सांगतात' एवढंच लिहा. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे. जुन्या नाशिकबद्दलचं वाचन तिथे करा, आणि १८८३ चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटिअरही चाळा. शरणपूरची वस्ती, देवळालीची छावणी यांची त्या काळची स्थिती कळते.

निष्कर्ष कसा लिहायचा

समजा, हे सापडलं: ८५ पट्ट्या, सरळ तारा, डॅम्परचा पिंजरा, मेणबत्तीच्या दांड्यांची भोकं. झाकणावर लंडन १८८५ चं पदक, 'हर मॅजेस्टी' आणि 'लंडन, डब्ल्यू.'. खालच्या फळीवर १९११ ची पेन्सिलीची सही. रेल्वेची जी. आय. पी. ची चिठ्ठी. आण्यांत लिहिलेली ट्यूनरची पावती.

पदकामुळे १८८५ च्या आधीचा नाही. राणीच्या उल्लेखामुळे साधारण १९०१ च्या नंतरचा नाही. छापलेली जुनी नावं कारखाने संपेपर्यंत वापरत, म्हणून दोन-तीन वर्षांची सूट ठेवा. घडणीतलं काहीच याच्या विरोधात जात नाही. तेव्हा बनावट १८८५ ते १९०३. १९११ मध्ये वापरात. नाशिकला १९५१ च्या आत. १९५७ च्या आत निदान एक दुरुस्ती. प्रत्येक वाक्यापुढे आधार आणि फोटोचा क्रमांक. एकच आधार असेल तर 'बहुधा' लिहा, दोन स्वतंत्र आधार असतील तर ठामपणे लिहा. एखादा पुरावा बाकीच्यांशी भांडत असेल, समजा याच पियानोत १९२० नंतरचं यंत्र निघालं, तर तो दडपू नका. बहुतेक वेळा ती मोठ्या दुरुस्तीची तारीख असते आणि ती वेगळ्या पानावर जाते.

किमतीबद्दल स्पष्ट सांगतो. या काळातले इंग्रजी उभे पियानो हजारोंनी बनले, आणि बिडाला तडा किंवा खुंट्यांच्या लाकडाला भुंगा असेल तर दुरुस्तीचा खर्च पियानोच्या किमतीच्या वर जातो. वय वाढलं म्हणून भाव वाढत नाही. पण क्रमांक, नोंदी, लेबलं आणि घरची हकीकत जुळवलेला पियानो कोणी भंगारात घालत नाही, आणि शाळा किंवा चर्चला द्यायचा झाला तरी त्याची नीट पारख होते.

कागद तयार झाला की दोन प्रती काढा. एक घरच्या फायलीत ठेवा. दुसरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खालच्या फळीच्या आत, पेडलच्या दांड्यांना लागणार नाही अशा बाजूला टाचणीने लावा. चिकटपट्टी वापरू नका, ती लाकडावरच्या जुन्या अक्षरांना घेऊन निघते. आता सुताराला पॉलिशसाठी बोलवायला हरकत नाही, फक्त आतल्या बाजूला हात लावायचा नाही हे त्याला कामाच्या आधी सांगा.